शपथ घेऊन झाली, आता पुढे?

शाळा सुरू झाल्यापासून शिक्षकांची आणि पालकांची बरीच पत्रं साचली आहेत. व्यसन आणि मारामारी, विषय फिरून फिरून हेच दोन. त्यातली सहा पत्रं इथे घेतो. गावांची आणि शाळांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, फेरी काढली, शपथ घेतली, ठाणेदारसाहेब बोलले, फोटो ग्रुपवर गेले. तरी सहावी-सातवीतली काही पोरं खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण) खातात. वर्षभराचा कार्यक्रम आखायचा आहे, पण पैसा नाही. सुरुवात कुठून करू? – मुख्याध्यापक

सर, 26 जूनला शाहू महाराजांची जयंतीही असते, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही घोषणा उरकतात. विदर्भात तर तेव्हा शाळेची घंटा जेमतेम वाजलेली असते. 31 मेचा तंबाखूविरोधी दिन भर उन्हाळी सुट्टीत येतो, तरी त्याचे अहवाल वेळेवर पोचतात! एका दिवसाने पोराच्या खिशातली पन्नी हलत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे.

आधी चिठ्ठ्या घ्या. पाचवी ते सातवीला कोरे कागद द्या, नाव लिहू देऊ नका. प्रश्न चारच ठेवा. तुमच्या वयाची मुलं काय खातात? कुठून मिळतं? सोबत कोण असतं? शाळेत कुठल्या जागी जायची भीती वाटते? ‘तू खातोस का’ हे विचारायचं नाही. चिठ्ठ्या दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी गोळा करायच्या, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखू येत नाही.

एका शाळेत आम्ही हे केलं, तेव्हा सगळ्या शिक्षकांचं बोट पानठेल्याकडे होतं. चिठ्ठ्या उघडल्या तर पुन्हा पुन्हा एकच वाक्य : ‘बाबा आणायला पाठवते.’ पोरगं बापासाठी खर्रा घोटून आणतं आणि वाटेत चिमूटभर तोंडात टाकतं. भीतीची जागा म्हणून संडासामागची टाकी निघाली. त्या वर्षी पालकसभेत आम्ही दुसरा विषयच काढला नाही. पोराला खर्रा आणायला पाठवू नका, एवढंच बोललो. मधल्या सुट्टीत एका शिक्षकाची खुर्ची टाकीजवळ गेली. दोन्हींना खर्च शून्य.

मग तासिका. पाचवीपासून आठवड्याला एक, अशा दहा-बारा, आणि पुढच्या वर्षी त्यांची उजळणी. त्यात भाषण नको, मुलांनाच बोलू द्या. एकाने म्हणायचं, ‘घे ना बे, एकानं काय होते?’ आणि दुसऱ्याने सुटायचं. ‘शरीराला अपायकारक आहे’ हे उत्तर मित्रापुढे टिकत नाही. एका पोराने दिलेलं टिकलं : ‘नाही बे, माही माय रोज तोंड हुंगते.’

आणखी एक गोष्ट. मुलांना वाटतं सगळेच खातात. 2019 च्या देशपातळीवरच्या पाहणीत 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये तंबाखू वापरणारे 8.5 टक्के होते, म्हणजे दहातले नऊ लांब होते. हे मुलांना सांगा. शिवाय आरोग्य तपासणीचं पथक आलं की तीन बोटांची चाचणी करून घ्या. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का? जात नसतील तर दाताच्या डॉक्टरांकडे. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीने, त्यामुळे ‘तंबाखू नाही, नुसती गोड सुपारी आहे’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका.

प्रश्न : महापालिका शाळेत आठवीला शिकवते. एका मुलाच्या दप्तरात व्हाइटनर लावलेलं फडकं सापडलं. मुख्याध्यापक म्हणतात, बाकीची मुलं बिघडतील, दाखला देऊन मोकळे व्हा. – शिक्षिका, पुणे

ताई, असा दाखला देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, दाखला हातात पडल्यावर हा मुलगा सकाळी सात वाजता कुठे जाईल? ज्यांनी त्याला फडकं हुंगायला शिकवलं त्यांच्याकडेच. आत्ता निदान पाच तास तो तुमच्या नजरेसमोर आहे.

या नशेबद्दल मोठी माणसं गाफील असतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलं : मोठ्यांत 0.58 टक्के, मुलांत 1.17. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर, सगळं दुकानात उघड मिळतं. आणि एक गोष्ट सगळ्या शिक्षकांना, शिपाईमामांनाही सांगून ठेवा. मूल हुंगताना दिसलं तर ओरडून पाठलाग करू नका. या वाफांनी हृदयाची लय बिघडते, त्यात दचकून धावाधाव झाली तर मूल जागीच जाऊ शकतं. शांतपणे जवळ जा, फडकं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. गुंगी दिसली तर थेट दवाखाना.

दुसऱ्या दिवशी एकट्याशी बोला. ‘कधीपासून?’ हा पहिला प्रश्न नको, ‘काल जेवलास का?’ हा असू द्या. अशा मुलांच्या घरी बहुधा आधीच काही मोडलेलं असतं. पालकांना वर्गासमोर बोलावू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, आणि घरी मारहाण किंवा उपासमार असेल तर 1098. पुण्यात 1986 पासून काम करणारं मुक्तांगण आहे, आधी सल्ला विचारायला तिथे जा.

प्रश्न : एक संस्था शाळेत व्यसनातून सुटलेल्या तरुणाचं व्याख्यान आणि कॅन्सरच्या चित्रांचं प्रदर्शन मोफत देते आहे. बोलवावं का? – पालक, नाशिक

पालकसभेला बोलवा, मुलांसाठी नको.

मी स्वतः कित्येक वर्षं ती चित्रं घेऊन शाळा-शाळा हिंडलो आहे, म्हणून सांगतो. पहिल्या रांगेतली मुलं तोंड फिरवतात, मागच्या रांगेतली हसतात, आणि ज्याच्यासाठी तुम्ही आलात तो म्हणतो, आमचा आजा ऐंशीचा आहे, रोज तंबाखू मळतो. व्याख्यानातून त्याच मुलाला दिसतं की या दादाने सगळं केलं, तरी आज माइक त्याच्याच हातात आहे. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या 2018 च्या मानकांमध्येही भीती घालणं आणि माजी व्यसनींची कथनं हे उपाय निष्फळ ठरलेल्यांतच गणले आहेत. अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवायचा ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. पुढे अभ्यास झाले तेव्हा मुलांच्या वापरात टिकाऊ फरक दिसला नाही. टी-शर्ट मात्र घरोघरी पोचले होते.

प्रश्न : फाटकासमोरच्या टपरीवर गुटखा, सिगारेट सगळं मिळतं. टपरी ग्रामपंचायत सदस्याच्या भावाची. काय करावं? – शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष

गुटख्यावर राज्यात 2012 पासूनच बंदी आहे. 2003 च्या तंबाखू कायद्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, सिगारेट-तंबाखू विकता येत नाही. पण या कलमाचा दंड 200 रुपयांपर्यंतच, टपरीवाला तो हसत भरतो. त्याला हसू येणार नाही असं कलम दुसरं आहे : बाल न्याय कायदा 2015, कलम 77. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आधी तक्रार करू नका. समितीच्या चार आयांनी जाऊन ही दोन वाक्यं त्याला वाचून दाखवावीत, सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत असावी. नंतर पोलीस आहेतच.

प्रश्न : नववीची मुलं स्टेटसला कोयत्याचे रील ठेवतात, शाळा सुटली की गटागटाने भिडतात. मूल्यशिक्षणाचे तास वाढवावेत का? – वर्गशिक्षक

तास वाढवू नका, दहा मिनिटं वाढवा. भांडण ठरतं मधल्या सुट्टीत आणि होतं शाळा सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, बहुधा एकाच कोपऱ्यावर. महिनाभर एक वही ठेवा : कुठे, किती वाजता, कोणावरून. जागा दोन-तीनच निघतील. तिथे दोन शिक्षक नुसते उभे राहिले, नावाने हाक मारून ‘घरी चालला का रे?’ म्हणाले, तरी बरीच भांडणं ओसरतात. रील ठेवणाऱ्याला वर्गासमोर उभं करू नका, त्याला तेच हवं असतं. खरा कोयता दप्तरात असल्याची कुणकुण लागली तर मात्र समुपदेशन नंतर, आधी पालक आणि पोलीस.

एक कडू गोष्ट. ज्या शाळेत टेबलावर छडी असते, तिथे मुलं अडचण हातानेच सोडवायला शिकतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला मनाई केली त्याला पंधरा वर्षं उलटली. छड्या अजून आहेत, फक्त कपाटात गेल्या आहेत.

तक्रारपेटी ठेवली असेल तर ती रोज उघडा. चिठ्ठीत लैंगिक छळाचा उल्लेख आला तर शाळेची समिती नेमून आपली चौकशी करत बसू नका. पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : आमचे एक ज्येष्ठ सर स्वतः स्टाफरूममध्ये तंबाखू मळतात. व्यसनमुक्तीचे नोडल शिक्षक तेच आहेत. – नाव नको

तुमची अडचण समजली. आदेशात ज्येष्ठतेनुसार नाव टाकलं गेलं असणार. नोडल शिक्षक बदलून घ्या, कारण पोरांना त्यांची डबी कुठल्या खिशात असते हे ठाऊक असतं. सरांना मात्र एकटं गाठून विचारा, सोडायची आहे का. असे दोघे मला भेटले. एकाने सोडली, दुसरे आता शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन मळतात.