‘अँजिओग्राफी’ला ‘रक्तप्रवाहचित्रण’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अँजिओग्राफीसाठी ‘रक्तप्रवाहचित्रण’ हा शब्द चालेल का, की ‘धमनीचित्रण’ बरा?

मला दोन्ही थोडे खटकतात. ‘अँजिओ’च्या मुळाशी ग्रीक ‘अँजिऑन’ आहे, म्हणजे भांडे, पात्र. त्यात प्रवाह कुठेच नाही, आणि तपासणीतही प्रामुख्याने दिसते ती वाहिनीची पोकळीच. रक्त क्ष-किरणांना जवळजवळ मांसासारखेच दिसते, म्हणून आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात. ते जिथवर भरते तिथवर वाहिनीचा साचा उमटतो, आणि अरुंद झालेली जागा कळते. या प्रकारचे पहिले चित्र १८९६च्या जानेवारीत व्हिएन्नात घेतले गेले, तेही मृत हाताचे! वाहते रक्त नव्हतेच, तरी वाहिन्या उत्तम उमटल्या. द्रव्य पुढे सरकताना वेगाचा अंदाज येतो हे खरे, पण तेवढ्यावरून नाव ठेवू नये. ‘धमनीचित्रण’ही तोकडे पडते, कारण अशी चित्रे शिरांचीही काढतात. माझे मत ‘रक्तवाहिनीचित्रण’ला. लांब आहे, पण खोटे नाही.

‘प्रवाहचित्रण’ मी डॉप्लर तपासणीसाठी राखून ठेवीन. तिथे ध्वनिलहरी वाहत्या रक्तपेशींवरून परतताना त्यांची वारंवारिता बदलते आणि त्यावरून रक्ताची दिशा व वेग काढतात. (ख्रिश्चन डॉप्लरने हे तत्त्व १८४२मध्ये मांडले ते ताऱ्यांच्या रंगांसाठी, रक्तासाठी नव्हे.)

इथे आपल्या शालेय शब्दांचा एक घोटाळा होतो. धमनीला ‘रोहिणी’ आणि शिरेला ‘नीला’ शिकलेले लोक डॉप्लरच्या पडद्यावर निळे दिसले की ‘ही नीला’ म्हणून मोकळे होतात. पण नेहमीच्या मांडणीत लाल म्हणजे यंत्राच्या टोकाकडे येणारे रक्त आणि निळे म्हणजे दूर जाणारे. टोक उलट कलवले की तीच धमनी निळी!

जाता जाता: ‘धमनी’ हा शब्द ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे, या धातूचा. ग्रीक ‘आर्टेरिया’ही श्वासनळीला म्हणत. मेलेल्या प्राण्याच्या धमन्या बहुधा रिकाम्या सापडत, त्यामुळे प्राचीन ग्रीकांना त्यांत हवा असते असे वाटे.

आणि नुसते ‘अँजिओ केली’ मात्र टाळा. ऐकणाऱ्याला चित्र काढले की फुगा घालून वाहिनी रुंद केली, म्हणजे अँजिओप्लास्टी, हे कळत नाही.