पब्लिक पॉलिसीच्या एम.ए.ला दिवस कसे जातात, आणि राजकीय जाण खरंच येते का?

तुम्ही विचारलंय की पब्लिक पॉलिसीत पदव्युत्तर शिक्षण घेताना रोजचा दिवस कसा असतो. घर राजकारणापासून चार हात लांब राहिलेलं असेल तर दोन वर्षांत काही राजकीय जाण येते का, की नुसती पानं उलटून होतात, हेही विचारलंय. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, ते उरकून घेतो.

सत्राला चार-पाच विषय असतात: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संविधान आणि प्रशासकीय कायदा, राज्यशास्त्र, शिवाय काहीतरी ‘क्षेत्रकार्य’ नावाचं. सकाळी तासिका, दुपारी वाचन किंवा ट्युटोरियल, रात्री मेसमध्ये वाद. आठवड्याला दोनशे पानं सहज पडतात आणि ती सगळी ओळीने वाचणारा दुसऱ्याच महिन्यात मागे पडतो. शोधनिबंध हातात आला की आधी तक्ते आणि त्यांच्या तळटिपा बघा, मग निष्कर्ष, मग माहिती कुठून आणि कशी गोळा केली तो भाग. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

संख्याशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये गणित क्वचितच अडतं, अडतात जिल्ह्यांची नावं. एका फाइलमध्ये ‘उस्मानाबाद’, दुसरीत ‘धाराशिव’. एकीत ‘अहमदनगर’, दुसरीत ‘अहिल्यानगर’. नावावरून दोन तक्ते जोडले की संगणक अशा ओळी गुपचूप गाळतो, ओरडत नाही, आणि तुमची सरासरी बिघडते. म्हणून जोडणी नेहमी जिल्ह्याच्या कोडवरून करा आणि जोडणीच्या आधी व नंतर ओळी मोजा. तरी एक खड्डा उरतोच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतला ठाणे आणि त्यानंतरच्या पाहणीतला ठाणे हे दोन वेगळे जिल्हे आहेत. जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके पालघरमध्ये गेल्यावर ठाण्याचे कुपोषणाचे आकडे सुधारलेले दिसले, तर त्याचं श्रेय कुठल्या योजनेला देण्याआधी नकाशा बघा.

आता जाण. ती येण्याची एक वाट मला खात्रीने सांगता येते: एखाद्या सरकारी खिडकीवर मिळालेलं ‘नाही’ उचलायचं आणि ते कुठून निघालं ते वर वर शोधत जायचं. एकच ‘नाही’ पुरतं. मी रेशनचं घेतो, कारण ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडतं.

केशरी कार्ड असलेली बाई तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाते (मुंबईत असेल तर शिधावाटप कार्यालयात). अर्ज असतो प्राधान्य कुटुंब योजनेत, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, नाव घालण्याचा. उत्पन्न निकषात बसतं, म्हणजे वर्षाला ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांच्या आत. कागद पूर्ण आहेत. उत्तर येतं, “इष्टांक शिल्लक नाही.” इष्टांक म्हणजे किती लाभार्थी घ्यायचे त्याचा ठरलेला आकडा.

वर्गातला पहिला अंदाज असा असतो की कारकून पैसे मागतोय. मागतही असेल. पण त्याला बदललं तरी उत्तर बदलणार नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात देशाच्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवण्याची मर्यादा आहे. ती प्रत्येक राज्याला वेगळी वाटून दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. आता कागद-पेन्सिल घ्या. २०११ च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १६ लाख, शहरी ५ कोटी ८ लाख. पहिलीचे ७६.३२ टक्के म्हणजे सुमारे ४ कोटी ७० लाख, दुसरीचे ४५.३४ टक्के म्हणजे २ कोटी ३० लाख. बेरीज ७ कोटी. हाच राज्याचा इष्टांक. तो जिल्ह्यांना वाटला, जिल्ह्याने तालुक्यांना वाटला, आणि त्या बाईच्या तालुक्याचा भरला.

ही बेरीज इतरांच्या लेखातून उचलू नका, एकदा हाताने करा. कारण ती करतानाच पुढचा प्रश्न आपोआप पडतो: २०११ का? कायद्याचं कलम ९ म्हणतं की लाभार्थ्यांची संख्या ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यावरून काढायची. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेलं पोर राज्याच्या इष्टांकात मोजलेलंच नाही. त्याला जागा मिळते ती कोणाचं तरी नाव कमी झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या स्थलांतरित मजुरांच्या निकालात केंद्राला कलम ९ खाली ही संख्या पुन्हा ठरवायला सांगितलं होतं. आकडा मात्र जुन्या जनगणनेलाच बांधलेला राहिला.

शहर-खेड्याच्या टक्केवारीतला फरकही नीट बघा. गावाहून पुण्या-मुंबईत आलेलं कुटुंब ७६ टक्क्यांच्या रांगेतून उठून ४५ टक्क्यांच्या रांगेत बसतं. त्याचं उत्पन्न तेच राहतं, दार मात्र अरुंद होतं.

राजकीय जाण म्हणतात ती मला इथे दिसते. तहसीलदार इष्टांक वाढवू शकत नाही. राज्य कलम १० खाली कोणाला घ्यायचं ते ठरवतं, किती घ्यायचे ते नाही. संख्येचं कुलूप संसदेच्या कायद्यात आहे. मग तहसीलवर मोर्चा नेणारा पक्ष नेमकं काय मागतोय आणि खासदाराला हा प्रश्न का विचारला जात नाही, हे तुम्हाला दिसायला लागतं. त्या आधी ‘सगळे सारखेच’ असं वाटत असतं. नंतर कोण कुठल्या पायरीवर गप्प बसला ते कळतं, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

या शोधाला लागणारी हत्यारं अभ्यासक्रमात अर्धीच शिकवतात. उरलेली अशी.

शासन निर्णय वाचायला शिका. लोक ‘जीआर’ उघडून मधला मजकूर वाचतात, पण माल वर आणि खाली असतो. वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती मागे मागे नेत गेलात की योजनेचा पूर्ण वंश मिळतो. खाली लेखाशीर्ष असतं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून. लेखाशीर्ष नसलेला, ‘उपलब्ध तरतुदीतून खर्च भागवावा’ असं म्हणणारा निर्णय दिसला तर समजा की घोषणा झाली, पैसा नाही. वित्त विभागाची सहमती असेल तर त्यांचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरची तारीख आणि हे आठ अंक जुळतात का, तेही बघून ठेवा.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातम्या दुसरा आणि चौथा रकाना ताडून ‘तरतूद वाढली’ म्हणतात. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. लेखाशीर्षाचा पहिला अंकही बोलतो: २ ने सुरू होणारं महसुली खर्चाचं, ४ ने सुरू होणारं भांडवली. २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य. दवाखान्याच्या इमारतीचा पैसा २२१० मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही, तो ४२१० मध्ये आहे. राज्याच्या ‘बीम्स’ संकेतस्थळावर तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च वेगवेगळे दिसतात. या तिघांतलं अंतर हाच बहुतेक वेळा तुमच्या निबंधाचा विषय असतो.

अर्थसंकल्प रुक्ष वाटत असेल तर महाराष्ट्रातल्या कोणाही नोकरदाराचं पगारपत्रक मागून घ्या. त्यात बहुतेकदा व्यवसाय कर असतो, महिन्याला २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. बेरीज २,५०० व्हावी म्हणून, कारण संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने वर्षाला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. हा कर राज्याने १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. ‘आमच्या टॅक्सच्या पैशांवर’ असं मेसमध्ये कोणी सुरू केलं की हा कागद पुढे सरकवता येतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांसाठी शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे, हे इथल्या विधिमंडळाने उघड ठरवलं होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येकाने एक तरी करावाच. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. हे दीडशे शब्द राज्याच्या नियमांत २०१२ पासून आहेत आणि नवखे इथेच घसरतात. दुसरी घसरण ‘का’ विचारण्यात. “गरिबांना धान्य का मिळत नाही?” याला जनमाहिती अधिकारी एका ओळीत वाटेला लावतो, कारण कायदा अभिलेख, म्हणजे कार्यालयात असलेले कागद, देतो, कारणमीमांसा करून देत नाही. असं मागा: “१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात तालुक्यास मंजूर प्राधान्य कुटुंब इष्टांक, वापरलेला इष्टांक, वगळलेल्या व नव्याने समाविष्ट केलेल्या लाभार्थ्यांची महिनानिहाय संख्या दर्शवणाऱ्या अभिलेखाची प्रत.” नावं मागितलीत तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. संख्येला तो आडोसा घेता येत नाही. वर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७ चा उल्लेख करा. रेशनव्यवस्थेचे अभिलेख तपासणीसाठी खुले ठेवायचे असं त्यात थेट लिहिलंय.

तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीस दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही जमलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात अर्ज टाका. तिसऱ्या सत्रात टाकलेल्या अर्जाचं अपील सुरू असतानाच प्रबंध जमा करायची तारीख येते.

मग लिहिणं. धोरण टिपण दोन पानांचं असतं आणि त्यातलं सगळ्यात निकामी वाक्य म्हणजे “शासनाने जनजागृती करावी.” शासन म्हणजे कोण? टिपणाच्या पहिल्या ओळीत पदनाम लिहा, कुठल्या कलमाखाली त्या पदाला हे करता येतं ते लिहा, आणि किती खर्च येईल ते लिहा. नमुना हवा असेल तर जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन वाचा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाकडे जातो, हा मुद्दा आधी. मग बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी. आणि पुढे थेट शिक्षकांचा पगार: प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस. तत्त्व, मागणी, आकडा. आजच्या बहुतेक अहवालांना यातलं तिसरं जमत नाही.

क्षेत्रकार्यात दोन गोष्टी सांभाळा. रेशन दुकानात “धान्य मिळतं का?” विचारलंत तर सगळे “हो” म्हणतील, दुकानदार शेजारीच उभा असतो. त्याऐवजी घरी जाऊन पॉस मशीनची, म्हणजे दुकानातल्या अंगठा लावायच्या यंत्राची, पावती बघायला मागा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डाला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाला, महिन्याला पस्तीस. गहू-तांदळाचं प्रमाण बदलत राहतं, म्हणून एकूण किलो मोजा आणि पिशवीतल्या वजनाशी ताडा. पावतीच मिळत नसेल तर तीच नोंद. अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलं असेल तर किती फेऱ्या आणि किती रोज बुडाला, ते विचारा. वही उघडण्याआधी तुम्ही विद्यार्थी आहात आणि नाव घालून देणं तुमच्या हातात नाही, हे स्पष्ट सांगा.

तरी निघताना कोणीतरी विचारणारच, “मग आमचं नाव कधी लागेल?” तेव्हा खोटा धीर देऊ नका आणि कलम ९ ही सुनवू नका. अर्जाची पोच आहे का ते विचारा. नसेल तर ती कशी घ्यायची ते सांगा. तालुक्यात मृत, स्थलांतरित किंवा दुबार नावं कमी झाली की जागा मोकळी होते, त्यामुळे पोच घेऊन दर महिन्याला विचारत राहा म्हणावं. आणि नकार आला तर तो लेखी मागा, कारण जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे तोंडी ‘नाही’ मांडता येत नाही.