मुंबईत खोली शोधण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मुंबईत खोली कुठे घ्यावी आणि एवढ्या मोठ्या शहरात राहणं मानवेल का, हे तू दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेस. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. शहर जे देतं ते बहुतेक कामावरून सुटल्यानंतरच घेता येतं, आणि तेव्हा तू गाडीत उभ्याने दोन तास काढणार असशील, तर वाट्याला फक्त शहराचा खर्च येईल.

म्हणून भाडं तासांत मोज. समज, ऑफिस लोअर परळला आहे आणि भांडुपपेक्षा बदलापूरला खोली ६,००० रुपयांनी स्वस्त मिळते. भांडुपहून धीमी लोकल थेट करी रोडला सोडते, तिथून चालत ऑफिस. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत सव्वा तास धर. बदलापूरहून शेअर रिक्षा, गाडीची वाट, दादरला उतरून धीमी गाडी, असे दोन तास. म्हणजे रोज येऊन-जाऊन दीड तासाचा फरक. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेसदतीस तास. ६,००० ला त्याने भागलं की तासाला १६० रुपये येतात. तुझ्या एका तासाची किंमत त्याहून जास्त आहे का, हे तूच ठरव. घरी कर्ज असेल आणि हे ६,००० तिकडे जायला हवेत, तर बदलापूर चुकीचं नाही. पण मग ते किती महिने हेही आजच ठरव, नाहीतर त्याचीच सवय होते.

या हिशेबात न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. कल्याणच्या पुढे बऱ्याच भागात लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन मार्गांवरून धावतात, त्यामुळे एक मालगाडी बंद पडली तरी मागचं सगळं खोळंबतं. हार्बर मार्गावर जलद लोकल नाही. पनवेलहून सीएसएमटी म्हणजे प्रत्येक स्टेशन घेत जाणं. उलट ठाणे, डोंबिवली, बोरिवली इथून सुटणाऱ्या गाड्या असतात, तिथे दहा मिनिटं आधी गेलं की बसायला मिळतं. आणि ऑफिस ठाण्याला असेल तर दादर-माटुंग्याकडे राहून सकाळी गर्दीच्या उलट जाता येतं. जागा मिळावी म्हणून काही जण आधी उलट दिशेने मागच्या स्टेशनला ‘डाऊन’ जाऊन बसतात. पास त्या स्टेशनपर्यंतचा नसेल तर टीसी दंड करतो.

पहिले तीन महिने करार करूच नकोस. ऑफिसच्या मार्गावर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, किंवा पीजीत राहा, आणि तेवढ्या काळात खोली शोध. सगळे रविवारी दुपारी खोली बघतात आणि तिथेच फसतात: रस्ता मोकळा, रिक्षा लगेच, इमारत शांत. तू कामाच्या दिवशी सकाळी आठला जा. तेव्हा रिक्षाची रांग दिसेल, पाणी कसं येतं तेही दिसेल. पाण्याची वेळ एजंटला विचारू नकोस, वॉचमनला विचार. आठवड्यातून किती टँकर येतात तेही त्याला माहीत असतं. घोडबंदर रोड आणि वसई-विरारकडे हा प्रश्न आधी विचारावा. वरच्या मजल्यावर असेल तर कपाटामागची भिंत हाताने चाचपून बघ. नुकता रंग मारलेला असला तरी ओलीचे पोपडे हाताला लागतात.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा, आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरते’ असं कोणी म्हणालं तर मानू नकोस. डिपॉझिट बँकेतून दे, रोख नको. ताबा घेताना गिझर, पंखे, नळ, भिंती यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. डिपॉझिटमधून कापाकापी होते ती बहुधा याच गोष्टींवरून. आडनाव आणि खाणंपिणंही विचारलं जाईल. शहरात कोणी कोणाचं बघत नाही हे बाकी खरं असलं, तरी घर शोधताना ते खोटं ठरतं. त्याचं वाईट वाटेल, वाटू दे. पण तिथे घासाघीस करत बसू नकोस, पुढचं घर बघ.

पावसाबद्दल एवढंच, की २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी समुद्रात जात नाही, कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर चढतं. त्या दिवशी ऑफिसातच थांब. तुंबलेल्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालावं लागलंच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखव. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या का, ते सांगतील.

आता वाचलेल्या वेळाचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, पहिल्याच महिन्यात सभासद हो. शिवाजी मंदिरात नाटकं असतात, कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या गरवारे संस्थेत नोकरी सांभाळून करता येतील असे अभ्यासक्रम आहेत. आणि घर न बदलता नोकरी बदलता येणं, ही लहान गावात न मिळणारी मोकळीक आहे. म्हणून खोली एका ऑफिसपेक्षा एका रेल्वेमार्गाला धरून घे. ठरावीक वेळेला भेटणारी दोन-चार माणसंही याच वेळात जोड. ताप आल्यावर दार वाजवणारं कोणीतरी लागतं.

ऑफिसचा पत्ता, हजेरीची वेळ, शनिवार सुट्टी आहे की नाही आणि हातात पडणारा पगार, एवढं कळव. कोणत्या तीन-चार स्टेशनांजवळ बघायचं ते मग ठरवू.

तुझा,
काका