वाटा ठरला, वेळ कोण ठरवणार?

पावसाळा तोंडावर आला की येणाऱ्या पत्रांतली निम्मी अलमट्टीवरच, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणावरच, असतात. म्हणून तिथूनच सुरुवात.

अलमट्टीची उंची वाढली तर सांगलीत पाणी आणखी चढणार का? (गावभाग, सांगली)

धरणाची आजची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर. कर्नाटकाला ती ५२४.२५६ करायची आहे. दुसऱ्या कृष्णा लवादाने, म्हणजे ब्रिजेशकुमार लवादाने, ती मान्यही केली. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निवाडा राजपत्रात छापायला मनाई केली आणि तो तिथेच अडकला.

२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने मुख्य दोष अलमट्टीच्या पदरात टाकला नाही. अतोनात पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं यांवर बोट ठेवलं. ज्याच्या घरात छातीइतकं पाणी होतं त्याला हे पटत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

नोकरीत असताना पुलाजवळचे फुटांचे आकडे रात्री बॅटरीच्या उजेडात पुष्कळदा वाचलेत. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या दरम्यान पाणी खळाळत नाही. तुंबलेल्या गटारासारखं गपचूप गल्लीत शिरतं. कऱ्हाडच्या खाली नदीचा उतार मंदावतो, हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खाली पंचगंगा फुगलेली असली की वरची कृष्णा थोपते. म्हणजे राज्याची हद्द ओलांडायच्या आधीच आपल्या घरची तीन भांडणं आहेत. त्यात अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणाने मागे तुंबवलेलं पाणी, किती भर घालतो? उंचीवर ते अवलंबून आहेच. पण ऑगस्टात धरण किती भरलेलं ठेवलं आणि दरवाजे कधी उघडले, यावर कितीतरी जास्त. उंचीवर मोर्चे निघतात, दरवाजांच्या वेळेवर एकही निघत नाही.

दोन राज्यांत करार असताना पुराच्या वेळी फोनाफोनी का करावी लागते? (पलूस)

कारण करार टंचाईचा आहे. पहिला कृष्णा लवाद, म्हणजे बच्छावत लवाद, १९६९ ला नेमला, निवाडा १९७३ चा, अंतिम १९७६ चा. शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेल असं २०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० दिलं. (१ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट: सेकंदाला साडेअकरा हजार घनफुटांनी दिवसभर वाहिलेलं पाणी.) तिघं भावकीत वाटणीला बसले होते, नको असलेलं पाणी कोणाच्या अंगणात सोडायचं, याचा वाद तेव्हा कुणी मांडलाच नव्हता. मग अधिकाऱ्यांच्या बैठका, फोन, आणि एकमेकांना ओळखणारे दोन अभियंते यांच्यावर काम चालतं. बदली झाली की ओळख गेली.

देशादेशांतल्या नद्यांचा कायदा इथे लागू होतो का? (विद्यार्थिनी, कऱ्हाड)

नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा करार देशांसाठी आहे, आणि त्यावर भारत मतदानात तटस्थ राहिला. राज्यांसाठी घटनेचं कलम २६२ आणि १९५६ चा आंतरराज्यीय जलविवाद कायदा. तुझ्या प्रबंधाला मात्र तो करार वाच. शेजाऱ्याला धोक्याची आगाऊ सूचना द्यायची, ही त्यातली अट कृष्णेलाही चपखल बसते.

शेजारी कर्नाटकात कालवा वाहताना दिसतो. आमच्या जतला का नाही? (जत तालुका)

तुमचा राग मला ठाऊक आहे. पूर्व भागातल्या गावांनी २०१२ ला कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. म्हैसाळची योजना पाणी उपसून चढवते. चढ जितका लांब तितकं विजेचं बिल मोठं, आणि शेवटच्या गावाची पाळी शेवटी. तिकडे तुबची-बबलेश्वर योजना तुमच्या बांधाशी येऊन थांबते. उन्हाळ्यात कर्नाटक कोयना-वारणेचं पाणी मागतं. त्याच्या बदल्यात जतला तिकडून पाणी द्या, ही बोलणी जुनी आहेत. जमिनीचा उतार पाहिला तर व्यवहार सरळ आहे. मात्र दरवर्षी मेमध्ये नव्याने विनंतीपत्र लिहिण्यापेक्षा किती पाणी, कोणत्या महिन्यात आणि मोजणार कोण, एवढं एका कागदावर दोन्ही सह्यांनिशी यायला हवं.