नवसाचं रक्त

"पुण्य लागावं म्हणून दिलं, मग ते दान कसलं?" हा घोर घेऊन माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतच राहतात. मे महिन्यात पाणपोईवर वडिलांच्या नावाची पाटी लावणारे येतात, करसवलतीसाठी ८०जीची पावती मागितल्याची लाज वाटणारेही येतात.

रावेरकडचे एक केळीवाले आप्पा (ओळख बदलली आहे) असेच आले. मुलगा दुखण्यातून उठला तर दर तीन महिन्यांनी रक्त देईन, असं मुक्ताईला बोलले होते. सात वर्षं पाळलं. मग पुतण्या म्हणाला, "हा तर देवाशी सौदा. गीतेच्या १७व्या अध्यायात फळासाठीच्या दानाला राजस म्हटलंय." राजस म्हटलंय हे खरं, पण म्हटलंय दानच! आप्पांनी मात्र शिबिराला जाणं सोडलं.

हेतू निर्मळच हवा, हा त्यांचा हट्ट. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस अशा 'च'मध्येच दुःखाचं मूळ शोधत. माझाही कल तिकडेच.

"नवस नसता तर दिलं असतं?"

"नाही ताई. सुईची भीती वाटते."

"म्हणजे नवसानं भीतीवर मात केली. आणि तिथीला ताप असला तर?"

आप्पा बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले. "एकदा गोळी घेऊन गेलो होतो. फॉर्मवर 'ताप नाही' लिहिलं."

चौथ्या भेटीत हे बाहेर आलं. मला दुसऱ्याच भेटीत शंका होती, पण ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. खुपत होता तो नवस नव्हे, ती खोटी नोंद. अंगात जंतुसंसर्ग असताना दिलेलं रक्त घेणाऱ्याला बाधू शकतं. पैसे घेऊन रक्त देणारे आजार लपवत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून त्या धंद्यावर बंदी आली, त्यामागे हेही कारण होतं. हेतूला जाब विचारायचा तो इथं: त्याच्यापायी मी काही लपवतोय का, घेणाऱ्याचं नुकसान होतंय का? पाटीवाल्यांनाही मी एवढंच विचारते, रांजण रोज घासता ना?

नवस मोडायचा नव्हता, तिथीचा हट्ट तेवढा सोडायचा होता. तीन महिने उलटल्यावर, ताप नसेल, औषध चालू नसेल, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल त्या दिवशी जायचं. फॉर्म खरा भरायचा. परत पाठवलं तर ती फेरी नवसातच धरायची.

दोन महिन्यांनी फोन आला. "ताई, हिमोग्लोबिन १२.१ भरलं. परत पाठवलं त्यांनी." आवाजात हसू होतं. "मुक्ताईला सांगून आलो, पुढच्या महिन्यात येतो म्हणून."