दिंडोरीजवळच्या मळ्यात अनेक वर्षे उघड्यावर पडून असलेला डिझेल ट्रॅक्टर पुन्हा सुरू करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

कृपया नवी बॅटरी आणून लगेच स्टार्टर मारू नका, कारण नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या सायलेन्सरमधून पाणी आत उतरून पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजाने धरलेल्या असू शकतात. आधी ऑइल चेंबरचे बूच सैल करा. तळाशी पाणी निघाले, तर ते कोठून आले हे मेकॅनिककडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर गिअर न्यूट्रल असल्याची खात्री करून नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडा, ते एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहा. अडले तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडून वाट पाहा. माझ्या मते सारे यश या संयमावरच अवलंबून आहे.

इंजिन मोकळे फिरू लागल्यावर जुने डिझेल काढून टाकी धुवा, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, एअर क्लीनरमधील उंदरांची घरटी काढा, डिझेल पंप व नोझल तपासून घ्या आणि शेवटी डिझेल लाइनमधील हवा काढा.

पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक (इंजिनाला किती डिझेल जाईल हे ठरवणारी दांडी) पूर्ण डिझेलवर अडकलेला असल्यास इंजिन सुरू होताच बेफाम पळते. म्हणून पहिल्या स्टार्टच्या वेळी इंजिनात हवा शिरण्याचे तोंड झाकून ते बंद पाडण्यासाठी जाड सपाट फळी घेऊन एक माणूस बाजूला उभा असलाच पाहिजे. हात किंवा कापड तेथे कधीही लावू नका.