जर्मनीला निघण्याआधी: अलाउएबल स्ट्रेसचा आकडा येतो कुठून?

तू विचारलंयस, "ताई, भोसरीत सहा वर्षं एएसएमई या अमेरिकन कोडच्या सेक्शन 8, डिव्हिजन 1 वर प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्या, डिझाइन करतेय. जर्मनीत सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का?"

सगळं नाही. पण अलाउएबल स्ट्रेसचा, म्हणजे पोलादावर जास्तीत जास्त किती ताण येऊ द्यायचा याचा, आकडा कसा ठरतो, हे पक्कं करून ये. मी नेमकी तिथेच अडले होते. पहिल्याच आठवड्यात 450 अंश सेल्सिअसवर चालणारं व्हेसल समोर आलं. मटेरियल भरलं, तापमान भरलं, आणि पुढचा रकाना होता: किती तास? हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. टेबल उघडायचं, आकडा उचलायचा, जाडी काढायची, एवढीच सवय. शेजारचा सहकारी म्हणाला, "तास ग्राहकाला विचार."

खरं तर तास एएसएमईतही आहेत, पण टेबलाच्या पोटात. तुझ्या रोजच्या एसए-516 ग्रेड 70 या पोलादी प्लेटचंच बघ. साध्या तापमानाला तन्यताबळ (ओढून तुटण्याआधी पेलणारा सर्वांत मोठा ताण) 485, भागिले 3.5, म्हणून 138 मेगापास्कल. 425 अंशांना तोच आकडा सुमारे 84 वर येतो. इथे तन्यताबळाचा किंवा यील्डचा (पोलाद कायमचं ताणलं जायला लागतं त्या ताणाचा) संबंध उरत नाही, क्रीप ठरवतो: सतत भाराखाली तापलेलं पोलाद हळूहळू ताणत जातं आणि शेवटी तुटतं. म्हणून 1,00,000 तासांत तुटायला लागणाऱ्या सरासरी ताणाचे 67 टक्के, किमान ताणाचे 80 टक्के आणि 1,000 तासांत 0.01 टक्का क्रीप देणारा ताण, यांतला सर्वांत लहान घेतात. सेक्शन 2 च्या पार्ट डी मध्ये असे आकडे तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. इतकी वर्षं ती अक्षरं डोळ्यांसमोर असून मी कधी त्यांचा अर्थ शोधला नव्हता. आणि 1,00,000 तास म्हणजे जेमतेम साडेअकरा वर्षं; ते व्हेसलचं आयुष्य नव्हे, आकडा काढायची पट्टी आहे.

युरोपात प्रेशर व्हेसलसाठी ईएन 13445 हे कोड चालतं, जर्मनीत तिथलं एडी 2000 सुद्धा. ईएनमध्ये साध्या तापमानाला तन्यताबळाला 2.4 नं आणि यील्डला 1.5 नं भागून लहान आकडा घेतात. वरच्याच प्लेटचं यील्ड 260 धरलं तर 173 येतात, म्हणजे भिंत बरीच पातळ. मात्र क्रीपच्या टापूत ही सवलत उरत नाही. भाग 3 च्या 19 व्या प्रकरणात सरासरी तुटण्याच्या ताणाला 1.5 नंच भागतात, आणि 1 भागिले 1.5 म्हणजे तुझे तेच 67 टक्के! फरक इतकाच की इथे आयुष्याचे तास आधी ठरवावे लागतात, आणि चालू व्हेसलवर क्रीपची देखरेख ठेवणार असाल तर 1.25 नं भागता येतं. प्लेटचे 10,000, 1,00,000 आणि 2,00,000 तासांचे आकडे ईएन 10028 च्या भाग 2 मध्ये मिळतात.

जर्मन भाषेला वेळ दे. तपासणी करणाऱ्या माणसासमोर गणित तोंडी मांडावं लागतं. 'त्साइटश्टांडफेस्टिग्काइट' हा लांबलचक शब्द आधी पाठ कर. क्रीपनं तुटण्याची ताकद ती हीच.

येताना कंपनीचं एकही ड्रॉइंग आणू नकोस. स्वतःच्या मनानं मापं घेऊन 13CrMo4-5 या युरोपीय क्रोम-मोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाचं, किंवा त्याऐवजी तुला माहीत असलेल्या कुठल्याही क्रोम-मोली पोलादाचं, एक व्हेसल दोन्ही कोडांनी सोडव, ईएननं एकदा 1,00,000 आणि एकदा 2,00,000 तासांसाठी. मुलाखतीत तेच कागद टेबलावर ठेव.